गोधडीच्या पोटात काय घालता?

काठपदर | ९ नोव्हेंबर, १५:१०

दिवाळीच्या आवराआवरीत निघणाऱ्या जुन्या कपड्यांवर आमच्याकडे दोघींचा डोळा असतो, बोहारणीचा आणि माझा. यंदा तिच्या वाट्याला दोन जीन्स, एक ब्लेझर आणि टेरिकॉटच्या पँटी गेल्या. त्यावर तिने स्टीलचा एक डबा दिला आणि वर चार शब्द ऐकवले. बाकी सगळं मी आधीच दाबून ठेवलं होतं. दिवाणाचं पोट भरलंय, माळा भरलाय, आणि पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीत पाहुणा सोडून सगळं आहे. नवरा म्हणतो, यातलं एक तरी बोचकं संपव. संपत नाही हो. एक गोधडी झाली की दोन शेजारणी आपापल्या जुन्या साड्या आणून देतात.

ज्यांच्या घरी असाच पसारा आहे त्यांच्यासाठी हा धागा. कोण काय शिवतंय, कुठे अडलंय, कुठलं कापड कुठे मिळतं, सगळं इथे बोलू. मी तुकडे जोडायला आणि कडेची पट्टी लावायला मशीन वापरते, थरांतून जाणारा धावदोरा मात्र हातानेच.

सुरुवात तक्रारीने करते. गोधडी म्हटलं की हल्ली सगळे वरची बाजू दाखवतात. खणाचे त्रिकोण, इरकलीचे चौकोन, मधे एखादा मोर. छान दिसतं, वाद नाही. पण पांघरणाऱ्याच्या अंगाला लागतं ते अस्तर आणि ऊब देतात ते मधले थर. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. प्रदर्शनात 'पारंपरिक गोधडी' म्हणून मांडलेली एखादी उचलून बघा आणि बोटांनी चिमटीत दाबा. आत फायबरची लादी असते. ती रजई झाली. रजईला माझा विरोध नाही, आमच्या लेकीला तीच आवडते. पण गोधडीत कापूस नसतो, फायबरही नसतं. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्यांतून जाणारा दोरा, बस.

आणि ते कापड जुनंच लागतं. यात भावनेचा भाग कमी आहे. सुती साडी वर्षानुवर्षं धुतली की तिची खळ गेलेली असते, जेवढं आटायचं तेवढं ती आटलेली असते, सुटायचा तो रंग सुटलेला असतो. अशा दोन साड्या एकावर एक घातल्या की पुढे कितीही धुवा, दोन्ही सारख्या वागतात. एक थर जुना आणि एक कोरा घातलात तर पहिल्याच धुण्यात कोरा आटतो, जुना तसाच राहतो आणि मधे झोल पडतो. मग ती गोधडी पांघरली की पायाशी एक गोळा आणि छातीवर नुसतं अस्तर.

हिशेब असा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. ती मधोमध कापायची, दोन्ही तुकडे काठाला काठ जोडायचे, आणि जो मोठा चौकोन होतो तो दुमडायचा. एकेरी गोधडीचे दोन थर मिळाले. दोन साड्यांचे चार, वर ठिगळकामाचा पाचवा. ठाण्याच्या थंडीला चारसुद्धा जास्त होतात, पण माहेरी साताऱ्याकडे पाचाच्या खाली कुणी गोधडी म्हणत नाही. नऊवारी मिळाली तर एकीतून जवळजवळ तीन थर निघतात. जरीचा काठ आत ठेवू नका, जर टोचते आणि सुई अडते. तो काढून बाजूला ठेवा, कडेच्या पट्टीला कामी येतो.

अडचण आता सांगते. आमच्या पिढीच्या कपाटात सुती साड्याच नाहीत! सगळा सिंथेटिक माल. ओटीत आलेले ब्लाउजपीस बघावेत तर तेही पॉलिस्टर, आणि तसेही ते माझ्या ओटीतून तुमच्या ओटीत फिरण्यासाठीच जन्माला आलेले असतात. सासूबाईंच्या पिढीच्या साड्या संपल्या की पुढे काय? तुम्ही पोटात काय घालता ते सांगा.


वाळवण | ९ नोव्हेंबर, १५:४२

मस्त धागा. फोटो कुठेत?


काठपदर | ९ नोव्हेंबर, १६:०५

भाचीच्या बाळासाठी दुपटं चाललंय, ते बारशाच्या आधी कुणाला दाखवायचं नाही असं ठरलंय. बारसं झालं की टाकते.


घाटावरची | ९ नोव्हेंबर, २१:३०

काठपदर, तुम्ही साताऱ्याच्या म्हणजे आमच्याच. आमच्याकडे वाकळ. थर मोजायची पद्धत नव्हती. आई हातावर तोलून बघायची आणि "अजून एक धोतर बसंल" म्हणायची. पोटात सगळं चालायचं. धोतर, फेटा, लुगडं, आजोबांचा नेहरू सदरा उसवून, पोरांची विरलेली चड्डीसुद्धा. फेट्याचं कापड सगळ्यात भारी. लांबलचक, पातळ आणि धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. वाकळ उन्हाळ्यातच घालायची, चैत्र-वैशाखात, शेताची कामं आटोपली की. ओट्यावर अंथरायची, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, जात्याची खुंटी, हाताला लागेल ते वजन. मग चार बायका चार बाजूंनी बसायच्या. प्रत्येकीचा टाका वेगळा. नंतर कुणीही बोट ठेवून सांगायचं, हा कोपरा थोरल्या काकीचा, हा आत्तीचा. आत्तीचा टाका लांब असायचा, तिला घरी जायची घाई.

शेवटचं तोंड बंद करायच्या आधी आमच्याकडे आत भाकरीचा तुकडा ठेवायचे, हळदीकुंकू लावून. वाकळंचं पोट भरलं की पांघरणाऱ्याचं भरतं म्हणे. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा मला वाटलं तुम्ही हेच विचारताय.

आणि घट बसायच्या आधीची धुणी! घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून नदीवर. ओली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेने पिळायची, पाणी संपेपर्यंत. आम्ही पोरं खडकावर वाळत घातलेल्या वाकळांवरून उड्या मारायचो आणि मार खायचो. आता आई वॉशिंग मशीनमध्ये एकेक घालते आणि मशीन आचके देतं.


शंकेखोर | १० नोव्हेंबर, ०९:१५

एक प्रामाणिक प्रश्न. एवढे महिने मान मोडून शिवायचं, पाठ-गुडघे दुखवून घ्यायचे, त्यापेक्षा हजार रुपयांत चांगलं ब्लँकेट मिळतं ना? शिवाय पाच थरांच्या आत धूळ अडकून राहते. दम्याच्या माणसाने काय करायचं?


वाळवण | १० नोव्हेंबर, ०९:२०

आले. :)


काठपदर | १० नोव्हेंबर, ११:००

शंकेखोर, पाठीचं म्हणाल तर मी आता जमिनीवर बसून शिवत नाही. थर जमिनीवर पसरून कच्चे टाके घातले की गोधडी जेवणाच्या टेबलावर घेते, खुर्चीत बसून. मांडीवर ओझं येत नाही आणि मानही वाचते. फक्त जेवायला सगळ्यांना हॉलमध्ये ताट घेऊन बसावं लागतं.

धुळीचं खरं आहे. म्हणून जाड गोधडी महिन्याला उन्हात टाकायची आणि दोन्ही बाजूंनी झोडायची. वर खोळ घातली तर खोळ धुता येते. दम्याच्या माणसाने चार थरांच्या वर जाऊ नये, कारण त्यापुढे घरी नीट धुता येत नाही आणि वाळत तर त्याहून नाही. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली गोधडी घडी करून ठेवली की बुरशी लागणारच.

ब्लँकेटचं उत्तर नाही माझ्याकडे. घ्या ना ब्लँकेट.


नेब्रास्काकर | १० नोव्हेंबर, २०:४५

मी पुरुष आहे आणि क्विल्ट शिवतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'ताई' म्हणून उत्तरं यायला नकोत. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या लिंकनला राहतो. इथे इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे, घरापासून जवळ. थंडीत कुठे जायचं नाही म्हणून एकदा आत शिरलो आणि अडकलो.

इथली पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी. तीन थर असतात. वरचं जोडकाम, मधे बॅटिंग म्हणजे कापसाची किंवा कापूस-पॉलिस्टरची लादी, खाली अस्तर. कापड नवं आणतात, आधी धुऊन घेतात किंवा घेतही नाहीत. तुकडे रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याने कापतात. ओल्फा या जपानी कंपनीने तो १९७९ मध्ये आणला, आणि तेव्हापासून हाताने कातरायचं काम जवळजवळ संपलं. जोडाची दाब, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडायचं कापड, सगळीकडे पाव इंच. ती पाव इंच पाळली नाही तर बारा चौकोन जोडल्यावर ओळ छोटी किंवा मोठी निघते.

एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. आम्हाला शिकवतात की क्विल्टिंग मधून सुरू करायचं आणि कडेकडे जायचं, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. मी आजोळी पाहिलेल्या गोधड्यांवर टाके उलटे दिसतात. बाहेरून चौकोन, त्याच्या आत चौकोन, असे मध्यापर्यंत. मग सुरकुत्या मधे गोळा होत नाहीत का?

ता. क. बोहारणीला दिलेल्या त्या दोन जीन्स वाचून हळहळलो. अलाबामात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून विटलेल्या डेनिमच्या, कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. गुडघ्यावरचं ठिगळ काढलं की खाली मूळ गडद निळा रंग दिसतो, तोसुद्धा त्या नक्षीत वापरतात. २००२ मध्ये ते क्विल्ट ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली.


काठपदर | ११ नोव्हेंबर, १४:२०

दादा, स्वागत. :) जीन्सचं ऐकून मलाही वाईट वाटायला हवं, पण माझ्या सुईला डेनिमचे दोन थर आणि खाली साडी हे झेपत नाही. बोटाला अंगुस्तान घालूनही नाही. तुम्ही मशीनवर करता, तुम्हाला जमेल.

आता कडेकडून की मधून. तुमच्याकडे मधे लादी असते, ती फुगलेली, दाबली की सरकणारी. तिला मधून बाहेर ढकलावंच लागतं. आमचे थर सपाट आणि एकमेकांना चिकटणारे. विरलेलं सुती कापड सुती कापडावर सरकत नाही, ओलसर हात फिरवून बसवलं तर अजिबात नाही. त्यामुळे आधी चारी कडा पक्क्या केल्या की चौकट तयार होते आणि आत फक्त भरत जायचं. जुन्या बायका जमिनीवर पसरून, मोठं वजन ठेवून शिवायच्या, सुरकुती हाताने मोडायच्या आणि मग टाका घालायच्या. दर चार बोटांवर तळहात फिरवून बघायचं, हाताला फुगा लागला तर तिथेच थांबायचं. चौकोन आत येत गेला की अगदी मधला टीचभर भाग उरतो. तिथे फुगा आला तर लपवायला जागा नसते, म्हणून कुणाचा हात किती चांगला हे बघायचं तर गोधडीचा मध्य बघावा.

मी मात्र आधी कच्चे टाके घालते, वीतभर अंतरावर, दोन्ही दिशांनी. टेबलावर काम करायचं तर त्याशिवाय भागत नाही, गोधडी लोंबते आणि स्वतःच्या वजनाने थर ओढते.


मी_बेळगावची | ११ नोव्हेंबर, २२:१०

आमच्याकडे कौदी. बेळगावच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं, तसं कौदी आणि गोधडी दोन्ही चालतं, त्यावरून भांडण नको.

कडेकडून आत यायच्या पद्धतीवरून आठवलं. यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातले बरेचसे पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले, तिथून सुटून घाटावरच्या जंगलात आले असं मानतात. घरात कोकणी बोलतात. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि फिरत फिरत आत येते. ठिगळं आधी जोडून घेत नाहीत. शिवता शिवताच एकेक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची आणि तोच धावदोरा त्यावरून पुढे न्यायचा. म्हणजे जोडकाम आणि टाके एकाच वेळी. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंधीची त्रिकोणी फुलं लावतात. ती नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या बायका मानत नाहीत.

मी एक छोटी तशी करून बघितली. आधी जोडायची नसल्यामुळे मापाची कटकट शून्य. नेब्रास्काकरांच्या पाव इंचाला रामराम! पण तुकड्याची कड दुमडून तिथल्या तिथे बसवायला बोटांची सवय लागते.


रंगबावरी | १२ नोव्हेंबर, १३:०५

वाचतेय सगळं. माझी अडचण अगदीच साधी. लाल खण आणि पांढरं मांजरपाट एकत्र वापरायचंय, अस्तर मांजरपाटाचं. रंग उतरला तर सगळं गुलाबी. आई म्हणते मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजव. मैत्रीण म्हणते व्हिनेगर. कोणाचं ऐकू?


घाटावरची | १२ नोव्हेंबर, १३:४०

मीठच. आम्ही कायम मिठात भिजवतो.


नेब्रास्काकर | १२ नोव्हेंबर, १९:५०

दोन्ही नाही. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंग धाग्याकडे ढकलायला. एकदा कापड रंगून बाजारात आलं की मिठाने किंवा व्हिनेगरने सुती कापडावरचा रंग पक्का होत नाही. भिजवल्यावर पाण्यात जो रंग दिसतो तो जास्तीचा, न बसलेला रंग. तो साध्या पाण्यानेही निघतो. खण वेगळा धूत राहा, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. मग ओला खण पांढऱ्या रुमालात घालून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला तर तो खण पांढऱ्याशेजारी लावू नका, कितीही आवडला तरी.


घाटावरची | १२ नोव्हेंबर, २०:१५

मग आमच्या आजीचा रंग कसा काय पक्का व्हायचा?


काठपदर | १२ नोव्हेंबर, २०:३२

चार धुण्यांनी व्हायचा, मीठ त्यातल्या पहिल्या धुण्यात असायचं. :)

रंगबावरी, कोरं मांजरपाट आणलं असेल तर तेही एकदा गरम पाण्यातून काढ. खळ एवढी असते की सुई कचकच वाजते. आणि ते आटतं, वारावर मोजून आणलं असशील तर कमी पडेल. अस्तर मी नेहमी वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं कापते. जास्तीचं वर दुमडून घेतलं की वेगळी पट्टी लावायला नको.


उसवण | १३ नोव्हेंबर, १६:००

मी ऑर्डरी घेते, त्यामुळे काठपदरच्या 'फक्त सुती, फक्त जुनं' या हट्टावर थोडं बोलायचंय. गिऱ्हाईक येतं ते आईच्या साड्या घेऊन. आई गेलेली असते. पिशवीतून निघतं काय, तर जॉर्जेट, नायलॉन, शिफॉन, एखादी आर्ट सिल्क. त्या बाईला मी सांगू का की तुझ्या आईची साडी गोधडीच्या लायकीची नाही? मी ती घेते.

पद्धत सांगते. सिंथेटिक कापड सुळसुळतं आणि कापलं की उसवतं. म्हणून त्याच्या प्रत्येक तुकड्यामागे धुतलेल्या मलमलीचा तुकडा लावते, दोन्ही एकत्र कातरते आणि एकच कापड समजून जोडते. इस्त्री अगदी कोमट, नाहीतर नायलॉन आकसतं. मधले थर माझ्याकडचे सुती, ते मी वेगळे विकत घेते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगते. गोधडी नेताना बाई त्यातली साडी बोटाने शोधते. आत काय आहे ते तिने आजवर विचारलेलं नाही.

आणि दराचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. 'जुन्याच तर साड्या आहेत, कापड तर आमचंच, मग एवढे कशाचे?' हे वाक्य मला पाठ झालंय. मी आता तासावर लावते. किती तास जातील ते आधी सांगते, अर्धे पैसे आधी घेते. घासाघीस करणाऱ्या बाईला एक ओळ टाका घालायला देते. एक फूटभर झालं की ती सुई परत देते.


वाळवण | १३ नोव्हेंबर, १६:१२

हे शेवटचं भारी आहे. हाहाहा


काठपदर | १३ नोव्हेंबर, १७:४५

उसवण, तू माझ्याच बाजूने बोललीस की. वर काहीही लाव, मी कुठे अडवलं? माझं म्हणणं पोटाबद्दल आहे आणि पोटात तूही सुतीच घालतेस. सिंथेटिक साडी मधल्या थरात घातली तर ती घाम शोषत नाही, वरचे-खालचे थर तिच्यावर सरकतात आणि दोरा त्या जागी लवकर झिजतो. मधे कुणाला दिसणार आहे म्हणून लोक तिथेच नको ते कापड कोंबतात, आणि दोन वर्षांनी विचारतात की गोधडी ढिली का पडली.

सुती की सिंथेटिक हे ओळखायला दुकानदारावर विसंबू नका. साडीच्या टोकाचा एक धागा ओढायचा आणि चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि राख बोटाने मोडते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला टणक काळा मणी होतो. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी. मिश्र मी अस्तराला नाही, पण मधल्या एखाद्या थराला चालवून घेते.

दरांबाबत शंभर टक्के सहमत.


नवशिक्या | १४ नोव्हेंबर, १०:३०

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्याकडे आजीचं काळं पायमशीन आहे, चालू आहे. दोन सुती चादरी आणि बाबांचे पांढरे लेंगे-सदरे जमवलेत. घरी एक जुनी सोलापुरी चादरही आहे, ती मधे घालू का? मशीनवर चार थर शिवायला गेलो तर वरचा थर पुढे पुढे सरकत जातो आणि शेवटी वीतभर जास्त उरतो. खालचा बरोबर असतो. मशीन बिघडलंय का?


नेब्रास्काकर | १४ नोव्हेंबर, २१:१०

मशीन ठीक आहे. खालचे दाते फक्त खालच्या थराला ओढतात. वरच्या थराला दाबपट्टी अडवते, म्हणून तो मागे राहतो आणि प्रत्येक ओळीत थोडा थोडा साचतो. चार थरांत हा फरक मोठा होतो. उपाय तीन. दाबपट्टीचा दाब वरच्या स्क्रूने कमी करा. टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरच्या आसपास. आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवू नका, एक वरून खाली, पुढची खालून वर, म्हणजे सरकणं दोन्हीकडे वाटलं जातं. आधुनिक मशीनला वॉकिंग फूट मिळतो, वरूनही दाते असलेला, तो हा प्रश्नच सोडवतो. जुन्या काळ्या मशीनला बसणारा शोधावा लागेल.


काठपदर | १५ नोव्हेंबर, १२:५०

नवशिक्या, सोलापुरी चादर पहिल्याच गोधडीत नको. ऊब जबरदस्त, पण विण जाड आणि घट्ट. हाताची सुई तीतून निघताना पक्कड आणावी लागते, आणि धुतल्यावर एवढं पाणी धरते की दोरी तुटते. ती तशीच पांघरा, चादर चांगली आहे.

मशीनवर करायचं तर सुई सोळा नंबरची, तीन-चार थर असतील तर अठरा. चौदा नंबरची वाकेल. हाताने करायचं तर लांब सुई घ्या, नेढं मोठं असलेली, आणि सुती जाड दोरा. दोरा दीड हातापेक्षा लांब ओवू नका, ओढून ओढून त्याचा पीळ सुटतो आणि गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर कापडातून सरसर जातो. ओळींतलं अंतर दोन बोटं, टाका इंचाला चार-पाच पडला तरी पुरे. त्याहून बारीक टाक्याने गोधडी ताठ होते आणि पांघरल्यावर अंगाभोवती बसत नाही. बारीक टाक्याचं कौतुक भरतकामात ठीक.

बाबांचे सदरे उसवताना खिसे आणि कॉलर काढून टाका, तिथे आतून जाड कापड असतं. पाठीचा भाग सगळ्यात मोठा सलग तुकडा. आणि एकदम मोठी घेऊ नका. दोन बाय दोन फुटांचं बसायला आसन करा, तेवढ्याच थरांचं. त्यात सुई, दोरा, अंतर, हात सगळं कळतं.


नेब्रास्काकर | १५ नोव्हेंबर, १९:३०

दुपट्यावरून एक राहिलं. इथे डॉक्टर एक वर्षापर्यंतच्या बाळाच्या पाळण्यात कुठलंही मऊ, सुटं पांघरूण ठेवू देत नाहीत, झोपेत तोंडावर येऊन श्वास कोंडू नये म्हणून. माझ्या बहिणीने हौसेने पाठवलेली दुपटी आम्ही जमिनीवर अंथरली, बाळ त्यावर पालथं पडायला शिकलं. परदेशी पाठवणाऱ्यांनी थोडं मोठं आणि जाड करावं, म्हणजे अंथरायला होतं.


काठपदर | १५ नोव्हेंबर, २१:०५

हे बरं सांगितलंत. भाची आहे पिंपरीत, पण बाळाचे बाबा पुढच्या वर्षी न्यू जर्सीला जायचं म्हणतायत. दुपट्याचा अजून एकच थर झालाय, उद्या अस्तर वाढवून कापते.

सुती साड्या कुठे मिळतात ते मात्र अजून कुणीच सांगितलं नाही.


उसवण | १५ नोव्हेंबर, २१:४०

बोहारणीकडे! त्या साड्या कुठे जातात असं वाटतं तुला? ती गावातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात गठ्ठ्याने विकते. मी तिच्याशी थेट ठरवलंय. सुती साडी निघाली की ती आधी माझ्या दारात येते, मी तिला रोख पैसे देते. भांड्यांपेक्षा तिला ते परवडतं. फक्त तिच्यासमोर जाळून बघायचं नाही, तिला राग येतो. ती हाताने चोळून सांगते आणि बरोबर सांगते.